वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली बखर

मी एका सज्जन माणसाशी खोटे बोललो आणि ते खोटे सात वर्षे जपले. ‘भूकंपात गेलं’ एवढेच ते होते. २०११ च्या मार्चनंतर ज्यांचे खरोखर सर्व काही गेले होते, अशा काही माणसांना हे शब्द उच्चारताना मी पाहिले आहे. ती फार हळू बोलत आणि बहुधा वाक्य पुरे करीत नसत. मी मात्र माझे वाक्य पुरे केले, त्यात तपशीलही घातले. माझ्या घरातून जे गेले ते भूकंपाने नेलेले नव्हते. ते माझ्या हयगयीने गेले, आणि त्या हयगयीवर पांघरूण घालण्यासाठी मी त्या मृतांचा आडोसा घेतला.

गेली ती एका झेक फुटबॉल क्लबची बखर होती. हाताने लिहिलेल्या, हिरव्या कापडी बांधणीच्या तीन जाड वह्या. जगात त्यांची दुसरी प्रत नव्हती.

टोकियोतल्या एका संशोधन संस्थेत मी काचेवर काम करीत असे, अजूनही करतो. शेजारच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मूळचे झेक होते. निवृत्तीनंतरही ते सल्लागार म्हणून रोज येत. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचे गाव बोहेमियातले, काचेच्या एका जुन्या कारखान्याभोवती वाढलेले. परकीय रणगाडे त्यांच्या देशात शिरले त्या वर्षी, विद्यार्थी असताना, ते सीमा ओलांडून गेले ते कायमचे. पुढे जपानी बाईंशी लग्न झाले. बाई वारल्यावर ते टोकियोच्या एदोगावा भागातल्या एका लहानशा घरात एकटे राहत होते. आम्ही इंग्रजीत बोलत असू. मध्ये मध्ये जपानी येई, विशेषतः जेवणाच्या आणि हवेच्या बाबतीत.

दुपारच्या जेवणाला कँटीनमध्ये ते माझ्यासमोर बसत आणि आपल्या क्लबविषयी बोलत. क्लब व्यावसायिक होता, पण बहुतेक काळ दुसऱ्या श्रेणीत अडकलेला.

“व्यावसायिक म्हणजे काय, तर हरण्याचाही पगार मिळतो,” ते म्हणत. “आमची मुलं त्या पगाराला फार प्रामाणिकपणे जागत.”

मी हसलो की म्हणत, “तुम्ही हसू नका, डॉक्टर. तुमच्या खेळात पाच दिवस उन्हात उभं राहून शेवटी कुणीच जिंकत नाही. आमची शून्य-शून्य निदान दीड तासात आटपते.”

त्यांच्या देशात अशी रीत आहे की गाव असो, शाळा असो, आगीचा बंब चालवणारी मंडळी असोत की फुटबॉलचा क्लब, प्रत्येकाची एक बखर असते, आणि ती लिहिण्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. तो घडलेले सर्व काही आपल्या अक्षरात लिहून ठेवतो: सामने, वर्गण्या, मैदानावरचे चिखल, कोणाचे लग्न, कोणाचा मृत्यू. या क्लबची पहिली वही त्याच्या संस्थापकांपैकी एका शाळामास्तरांनी लिहिली होती. दुसरी आणि तिसरी सेन्सेईंच्या वडिलांनी. ते काचेच्या कारखान्यात कारकून होते.

सेन्सेईंनी ती वाचून दाखवली तेव्हा मला कळले की फुटबॉलच्या क्लबला किती वेळा नाव बदलावे लागू शकते. पहिल्या महायुद्धाच्या आधी काच कापणाऱ्या कारागिरांनी तो काढला, तेव्हा त्याला गावाचे नाव होते आणि बोधचिन्हात काचेचा पेला होता. जर्मनांचा ताबा आला तेव्हा नाव दोन भाषांत लिहावे लागले, त्यात जर्मन वर. नंतर कामगारांचे राज्य आले. क्लब कारखान्याच्या मालकीचा झाला, पेला जाऊन दातेरी चाक आले. त्यानंतर राज्यच बदलले. पेला परत आला, पण त्याच्या शेजारी एका रंगाच्या कंपनीचे नाव लागले. यातले वडिलांच्या काळातले सगळे बखरीत एकाच संथ अक्षरात होते. वडिलांनी कुठेही उद्गारचिन्ह वापरले नव्हते.

तिसऱ्या वहीत एके ठिकाणी मात्र ते अक्षर बंद होते. मुलगा देश सोडून गेला म्हणून वडिलांकडून बखर काढून घेण्यात आली आणि पक्षाच्या विश्वासातल्या कोणा माणसाने ती पुढे लिहिली. वडिलांच्या हातची शेवटची नोंद मुलगा गेला त्या आठवड्यातली होती. सेन्सेईंनी ती मला भाषांतर करून सांगितली होती: ‘घरच्या मैदानावर बरोबरी. हवा स्वच्छ. माझा मुलगा सामन्याला आला नाही.’

“ते कुठेच काही बोलले नाहीत,” सेन्सेई म्हणाले. “पत्रातसुद्धा नाही. त्यांनी मला बोललेलं एवढंच वाक्य, आणि तेही क्लबच्या वहीत.”

वडिलांच्या हयातीत त्यांना परत जाता आले नाही. पुढे गेले तेव्हा क्लबच्या कार्यालयाची डागडुजी चालली होती आणि तिन्ही वह्या अंगणातल्या राडारोड्याच्या गाडीत पडलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी त्या उचलल्या आणि हातातल्या पिशवीतून जपानला आणल्या.

क्लबची शंभर वर्षे जवळ आली तेव्हा त्या गावाला परत कराव्यात असे त्यांनी ठरवले. मात्र त्याआधी प्रत्येक पान स्कॅन करून ठेवायचे होते. काम मी मागून घेतले. आमच्या प्रयोगशाळेतला स्कॅनर उत्तम होता आणि मला कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची हौस होती. त्या हौसेत किती सच्चेपणा होता, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला आहे.

“टपालावर माझा विश्वास नाही, क्लबवर तर नाहीच,” वह्या माझ्या हातात देत ते म्हणाले. “तुमच्यावर आहे.”

शहराच्या कोतो भागातल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी मी त्या आणल्या. कापडी बांधणीचा भुगा हाताला लागत होता. लहानपणी जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी आई आम्हा भावंडांना ओळीत बसवून वह्यापुस्तकांना कव्हरे घालायला लावी. तपकिरी कागद संपला की वर्तमानपत्राचे कव्हर. कोपरे कसे मुडपायचे, बांधणीपाशी कात्री कशी द्यायची, हे हात विसरत नाहीत. मी त्या तिन्ही वह्यांना आमच्याकडे येणाऱ्या जपानी वर्तमानपत्राची नीटस कव्हरे घातली. मुलगी बघत होती, तिला गंमत वाटली. मला स्वतःचे कौतुक वाटले. आई वर लेबलही लावायला सांगत असे. ते मी लावले नाही.

एका रविवारी प्रयोगशाळेत बसून मी पहिल्या वहीची सतरा पाने स्कॅन केली. पहिल्याच पानावर सात संस्थापकांच्या सह्या होत्या आणि खाली रंगीत पेन्सिलीने काढलेला काचेचा पेला. ती पाने मी एका पेनड्राइव्हमध्ये ठेवली. त्यानंतर एक परिषद आली, एक शोधनिबंध आला, मुलीची परीक्षा आली. वह्या घरच्या शेल्फवर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी राहिल्या.

“माझे वडील कुठवर आले?” सेन्सेई कधीतरी जेवताना विचारत.

“अर्धं झालं, सेन्सेई,” मी एकदा म्हणालो.

हे पहिले खोटे. मोठ्या खोट्यासाठी जागा याने करून ठेवली.

भूकंप झाला त्या शुक्रवारी मी प्रयोगशाळेतून चालत घरी आलो. पत्नी आणि मुलगी शाळेच्या मैदानावर सुखरूप भेटल्या. वर घरात शेल्फ पालथे पडले होते आणि सगळी पुस्तके, कागद, वर्तमानपत्रे जमिनीवर एकमेकांत मिसळली होती. पाणी कुठेही सांडलेले नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पुढचे चार दिवस अणुवीज केंद्राच्या बातम्यांत आणि पुण्याहून येणाऱ्या फोनांत गेले. सासूबाई रडत होत्या. माझा थोरला भाऊ रागावत होता: “तुझ्या नोकरीपेक्षा पोरगी मोठी नाही का?” विमानाची तिकिटे मिळाली तेव्हा हाती एक दुपार होती. मी एका कानाला विमान कंपनीचा फोन लावून खिडकीशी उभा होतो. पत्नी जमीन मोकळी करीत होती, कारण परत कधी येऊ ते माहीत नव्हते आणि घर तसे पसरलेले टाकून जाणे तिला जमणारे नव्हते. आमच्या पेपरवाल्याची रीत अशी, की महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जुनी वर्तमानपत्रे सुतळीने फुलीसारखी बांधून दाराबाहेर ठेवायची. तो ती घेऊन जाई आणि बदल्यात टॉयलेट पेपरची गुंडाळी ठेवून जाई. तो दिवस दुसऱ्याच दिवशी होता.

“अरे, हे काय आहे? जाड लागतंय हाताला,” तिने विचारले.

मी वळून पाहिले नाही. “पेपरच असतील.”

“नक्की?”

“अगं, पेपरच आहेत. बांध लवकर, मला इथे होल्डवर ठेवलंय.”

मुलगी आपल्या सॅकवर बसली होती. ती घरी मराठी समजत असे पण उत्तर जपानीतच देई. तिने जपानीत विचारले, “बाबा, आपण पळून चाललोय का? माझ्या वर्गातली कोणी जात नाहीये.”

“थोड्या दिवसांसाठी जातोय,” मी म्हणालो.

“म्हणजे पळूनच.”

सेन्सेईंना मी विमानतळावरून फोन केला. त्यांनी आमच्या तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले, “जा, काळजी घ्या. मी नाही जात. मी आयुष्यात एकदा गेलो आहे, तेवढं पुरे.” वह्यांचा विषय त्यांनी काढला नाही. मलाही त्या आठवल्या नाहीत, आणि माझ्या अपराधांत मला अजूनही सर्वांत खुपणारा हाच आहे.

तीन आठवड्यांनी परतलो. दाराच्या मुठीला एक प्लास्टिकची पिशवी अडकवलेली होती. आत टॉयलेट पेपरच्या चार गुंडाळ्या आणि छापील चिठ्ठी: नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार. त्या दिवसांत दुकानांतून टॉयलेट पेपर नाहीसा झाला होता, म्हणून पत्नीला आनंद झाला. “बघ, इतक्या गडबडीतसुद्धा माणूस ठरल्या दिवशी आला,” ती म्हणाली. मी ती पिशवी हातात धरून उभा होतो, आणि शेल्फच्या रिकाम्या जागेकडे पाहताना मला हळूहळू कळू लागले की काय बांधले गेले होते.

मी खाली जाऊन, पत्नीला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणाहून, पेपरवाल्याला फोन केला. त्याने तपास केला आणि सांगितले की तो कागद त्याच आठवड्यात कारखान्यात जाऊन लगदा झाला. मग त्याने माझी क्षमा मागितली. चूक त्याची नव्हती, हे त्यालाही ठाऊक होते. तरी गठ्ठा उचलताना वजनावरून आपल्या लक्षात यायला हवे होते, असे म्हणून त्याने ती पुनःपुन्हा मागितली. मी ‘हरकत नाही’ म्हणालो. एका निरपराध माणसाला मी उदारपणे माफ केले.

संस्थेत जे थांबले होते ते, आम्ही जे गेलो होतो त्यांच्याशी, नेहमीपेक्षा थोडे अधिक अदबीने वागत होते. सेन्सेई मात्र तसेच होते. त्यांनी दहा-बारा दिवस वह्यांविषयी विचारले नाही. नंतर एकदा, ताट बाजूला सारल्यावर, विचारले, “आणि माझे वडील?”

माझ्याकडे उत्तर तयार होते. शेल्फ पडले, गरम पाण्याच्या टाकीचा पाइप फुटला, पाणी आत आले, शाई वाहून गेली. संगणकही खाली पडला, त्यात केलेले निम्मे काम गेले. “भूकंपात गेलं, सेन्सेई.”

“एकही पान नाही? भिजलेलं, चिकटलेलं असलं तरी चालेल.”

“सगळा लगदा झाला होता. मी टाकून दिला.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि मग टेबलावरून हात पुढे करून माझ्या खांद्यावर ठेवला. “तुम्हाला किती वाईट वाटलं असेल,” ते म्हणाले. “परत आल्या आल्या असं पाहायला मिळणं.”

त्या क्षणी खरे सांगता आले असते. त्या सतरा पानांविषयीही सांगता आले असते. पण ती पाने दाखवली तर संगणक फुटला नव्हता आणि निम्मे काम झाले नव्हते, हेही उघड झाले असते. म्हणून मी पेनड्राइव्ह घरी माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. एका क्लबच्या शंभर वर्षांतले जे थोडके उरले होते, तेही मी माझ्या अब्रूपोटी बंद करून ठेवले.

खोट्याला पुढे आपले असे आयुष्य मिळते हे मी पाहिले. सेन्सेईंनी गावाला कळवले. क्लबने आपल्या शताब्दीच्या पुस्तिकेत छापले की दोन राजवटींतून तगलेली बखर अखेर जपानच्या भूकंपात नष्ट झाली, आणि तिचे जतन करू पाहणाऱ्या एका भारतीय शास्त्रज्ञाविषयी क्लब कृतज्ञ आहे. त्यांच्याकडे सामन्याआधी दोन्ही कर्णधार एकमेकांना क्लबची लहान रेशमी पताका देतात. तशी एक पताका, हिरवी, पेल्याचे चित्र असलेली, त्यांनी माझ्यासाठी पाठवली. सेन्सेईंनी ती मला दोन्ही हातांनी दिली. मी दोन्ही हातांनी घेतली. ती त्याच ड्रॉवरमध्ये गेली.

प्रायश्चित्त म्हणून की काय, मी दर शनिवारी सायकलने नदीवरचा पूल ओलांडून एदोगावाला त्यांच्या घरी जाऊ लागलो. त्यांनी आठवणीतून बखर पुन्हा लिहायला घेतली होती. ते इंग्रजीत सांगत, मी टंकलेखन करी. पत्नी दिवाळीला माझ्याबरोबर चकल्या आणि चिवडा देई. ते चिवड्यातले शेंगदाणे आधी वेचून खात आणि म्हणत, “तुमच्या पत्नीला सांगा, आमच्या स्टेडियमवर हे विकलं असतं तर क्लब कधीच तोट्यात गेला नसता.”

स्मृती त्यांना दगा देत होती. कोणता गोल कोणी केला, कोणत्या वर्षी मैदानाशेजारचे तळे फुटून पाणी आत आले, हे त्यांना नीट आठवेना. “वडिलांनी लिहिलं होतं,” ते म्हणत, “त्यांना विचारायला हवं होतं,” आणि थांबत. मी बोटे कळफलकावर ठेवून वाट पाही. माझा हा चांगुलपणा पाहून संस्थेतले लोक मला मान देऊ लागले होते. मी तो मानही घेतला.

मग त्या देशातून बातमी आली. क्लबच्या मालकाने, एका बांधकाम व्यावसायिकाने, क्लबची लीगमधली जागाच दुसऱ्या, मोठ्या शहराला विकली. तसे तिथे करता येते. खेळाडू, प्रशिक्षक, करार सगळे तिकडे गेले, आणि नव्या संघाने जाहीर केले की क्लबचे बोधचिन्ह आणि स्थापनेचा मानही आपल्याबरोबर आला आहे. गावात मागे राहिले ते मैदान आणि त्याचे प्रेक्षक. त्यांनी स्वतःचा संघ उभा केला आणि सर्वांत खालच्या श्रेणीपासून, शेजारच्या खेड्यांविरुद्ध, पुन्हा खेळायला सुरुवात केली. पण आपले नाव आणि पेला वापरायचा तर ते आपलेच आहेत, हे त्यांना सिद्ध करावे लागणार होते.

त्यांच्या चिटणीस बाईंचे पत्र सेन्सेईंनी मला वाचून दाखवले. बाईंनी लिहिले होते: बखरीतले काहीही उरले आहे का? विशेषतः पहिले पान, सात सह्यांचे? ते सातही जण गावातले होते, त्यांची नातवंडे अजून इथे राहतात; तेवढे एक पान असते तर पुरे झाले असते. ते नसेल तर निदान ज्यांच्या घरी वह्या नष्ट झाल्या त्यांचे लेखी निवेदन हवे, म्हणजे त्या अस्तित्वात होत्या आणि त्यांत काय होते एवढे तरी नोंदवता येईल.

सेन्सेईंनी निवेदन टाइप करून ठेवले होते. भूकंप, शेल्फ, पाइप, पाणी, शाई. माझेच शब्द, सात वर्षांनी, सुवाच्य छापलेले. त्यांनी पेनचे टोपण काढून पेन माझ्यापुढे धरले.

“सही इथे, आणि खाली तारीख,” ते म्हणाले. “एवढा एक सामना आपण जिंकू या, डॉक्टर. बाकीचे आम्ही नेहमीच हरतो.”

“पुढच्या शनिवारी करतो,” मी म्हणालो. “नीट वाचून.”

“शास्त्रज्ञ!” ते हसले. “वाचल्याशिवाय पावतीवरसुद्धा सही करणार नाही.”

त्या संध्याकाळी पूल ओलांडताना मी सायकलवरून उतरलो आणि हातात धरून चालत आलो. तोंडाने बोललेले खोटे आणि कागदावर सही केलेले खोटे यांत फरक करण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. दोन्हींत माझी सोयच होती. परंतु आता त्या गावातली माणसे, जी मी कधी पाहिली नव्हती, त्यांचे नाव आणि चिन्ह माझ्या ड्रॉवरमध्ये होते, आणि ते तिथे आहे हे जगात फक्त मला ठाऊक होते.

मी आधी पत्नीला सांगितले. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“ते पेपर मी बांधले होते,” ती म्हणाली.

“तू विचारलं होतंस. मी बघितलं नाही.”

“सात वर्षं!” तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे अधिक लागला. “सात वर्षं मी त्या माणसाला फराळ पाठवतेय. एकटा आहे बिचारा म्हणून. आणि तू तो डबा हातात घेऊन जात होतास?”

मी होय म्हणून मान हलवली.

“तुला वाटलं काय, मला राग येईल म्हणून सांगितलं नाहीस?”

“नाही. तुला कळलं असतं तर तू मला त्यांच्याकडे पाठवलं असतंस.”

तिने हात धुतले. “मग आता जा. मी नाही येणार. आणि डबा पण नाही देणार.”

दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडला. पताकेच्या घड्या पक्क्या बसल्या होत्या. सतरा पाने मी जाड कागदावर छापून घेतली. पेल्याचा हिरवा रंग छपाईत थोडा फिका आला.

क्षमा कशी मागावी हे मला कळत नव्हते. जपानी भाषेत मी दिवसातून पन्नास वेळा क्षमा मागतो: दार आधी उघडले म्हणून, लिफ्टमध्ये कोणाच्या पुढे उभा राहिलो म्हणून. सेन्सेईंची क्षमा मी मीठ उशिरा पुढे केले म्हणूनही मागितलेली होती. इंग्रजीत तर तो शब्द पायावर पाय पडला की आपोआप निघतो. मराठीत आम्ही घरच्या माणसांची क्षमा मागत नाही. पाणी विचारतो, जेवायला बोलावतो, आणि तेवढ्यावर भागते. मी वाक्ये जुळवीत राहिलो आणि प्रत्येक वाक्यात मला माझीच बाजू मांडलेली सापडू लागली: फोन चालू होता, घाई होती, कव्हर तर मी काळजीपोटीच घातले होते. ती सगळी वाक्ये मी टाकून दिली.

शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा त्यांनी चहा करून ठेवला होता. निवेदन टेबलावर होते, पेन त्यावर आडवे. माझे हात रिकामे पाहून ते म्हणाले, “आज डबा नाही? मग सही करून लगेच पळा.”

मी लिफाफ्यातून पहिले पान काढले आणि निवेदनावर ठेवले.

त्यांनी चष्मा वर केला. बोट एकेका सहीवरून फिरले, सातव्यापाशी थांबले, मग पेल्यावर आले. बाहेर कोणाची तरी सायकल कुंपणाला टेकवल्याचा आवाज झाला.

“हे गावाहून आलं?” त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात आनंद होता. तो ऐकून मला बसवेना. मी उभा राहिलो.

“नाही. माझ्या घरून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते हुशार गृहस्थ होते. अर्धे त्यांना तिथेच कळले असावे. तरी त्यांनी मला मदत केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. उरलेली सोळा पाने, पेनड्राइव्ह आणि पताका मी त्यांच्यापुढे ठेवली. पताका मी माझ्याकडे ठेवू शकत नव्हतो. मग मी बोललो. कुठेही थांबलो नाही:

“सेन्सेई, भूकंपानं काहीही नेलं नाही. माझ्या घरात पाणी आलं नव्हतं. मी तुमच्या वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली होती, आणि पळून जाण्याच्या घाईत त्या रद्दीत बांधायला सांगितल्या. पत्नीनं दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा न बघता उत्तर दिलं. अर्धं काम झालं म्हणालो, तेही खोटं होतं. झाली होती ती ही सतरा पानं, आणि ती मी सात वर्षं तुमच्यापासून लपवली. पहिलं पान त्या बाईंना पाठवा, निवेदन मी नवीन लिहून देतो, जे घडलं तेच. पण तुमचे वडील जिथे थांबले ते पान यात नाही. ते मी तुम्हाला कधीच परत देऊ शकणार नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. माझी चूक झाली. मी तुमची क्षमा मागतो.”